वुल्झली, क्लाइव्हसकट

रविवारी गाडी बघायला जुन्या गाड्यांच्या क्लबाचा माणूस येणार, म्हणून ग्लेनिसने शनिवारी वुल्झली धुऊन काढली. बाहेरून सगळी धुतली. आतून मात्र पुढचाच भाग पुसला, कारण मागच्या सीटवर क्लाइव्ह बसला होता.

क्लाइव्ह म्हणजे तिचा नवरा. तो गॅरेजातल्या गाडीत राहायला गेला त्याला अकरा वर्षं होत आली होती आणि ओडलिंग घराण्यात या विषयावर अजून कुणी चकार शब्द काढला नव्हता. गेला तेव्हा भांडणसुद्धा धड झालं नव्हतं. ईस्टरला ग्लेनिसची बहीण राहायला यायची होती. क्लाइव्हने विचारलं, मी घरी थांबू की मासे धरायला जाऊ? ग्लेनिस ओव्हन घासत होती. ती म्हणाली, "तुला हवं ते कर." लिंकनशरच्या आमच्या या सपाट मुलखात बायको नवऱ्याला याहून कडक बोलत नाही. क्लाइव्हने टोपी घातली, पाच मिनिटं गाडीत बसतो म्हणाला आणि गेला. ती बोलावेल म्हणून तो वाट बघत बसला आणि तो येईल म्हणून ती. गारठा पडला तेव्हा तिने एक ब्लँकेट नेऊन बॉनेटवर ठेवलं. येईपर्यंत त्याला थंडी वाजू नये, एवढाच तिचा विचार. ब्लँकेट पाहून क्लाइव्हला वाटलं, चला, निकाल लागला, आता इथेच राहायचं.

तेव्हापासून सगळं शिस्तीत चाललं होतं. सकाळी तो गॅरेजातूनच सायकल काढून कालव्यांच्या बोर्डात कामाला जायचा आणि संध्याकाळी गॅरेजातच परत यायचा. मागच्या दाराजवळचं न्हाणीघर घराचं की गॅरेजचं, याची चर्चा कधी झाली नाही, त्यामुळे ते तो वापरत असे. जेवणाचं ताट ग्लेनिस बॉनेटवर ठेवायची. नाताळची भेटसुद्धा तिथेच. क्लाइव्ह कसा आहे, असं चर्चमध्ये कुणी विचारलं की ती म्हणायची, आहे आपला. ते काही खोटं नव्हतं.

हे असंच चालायला हरकत नव्हती. पण मुलीचं, केरीचं लग्न ठरलं. ओडलिंगांची प्रत्येक नवरी वुल्झलीत बसून चर्चला जाते. थोरल्या ओडलिंगांनी बटाट्याच्या बियाण्यात पैसा केला आणि एकोणीसशे अडतीस साली ही गाडी घेतली, तेव्हापासूनची ही रीत. अकरा वर्षांत घरात लग्न निघालं नव्हतं, म्हणून गाडीचा विमाही उतरवलेला नव्हता. आता तो उतरवायचा तर एवढ्या जुन्या गाडीची बाजारात किंमत ती काय सांगणार? अशा गाड्यांची किंमत आधी ठरवून घेतात. क्लबाचा जाणकार येतो, गाडी आतून-बाहेरून बघतो, फोटो काढतो, आकडा सांगतो आणि विमा कंपनी तो मान्य करते.

अडचण 'आतून' या शब्दाची होती.

गाडी ग्लेनिसच्या नावावर होती. सासऱ्यांनी मृत्युपत्रात ती मुलांना न देता सुनेला दिली, कारण गिअरबॉक्सची हकिगत त्यांच्या तोंडून शेवटपर्यंत ऐकणारी ती एकटीच. (तेव्हा तिला आठवा महिना होता आणि खोल खुर्चीतून उठता येत नव्हतं, हे सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.) धाकटा दीर नॉर्मन याला ते अजून पचलं नव्हतं. रविवारी तो बायकोला, बर्निसला घेऊन स्पाल्डिंगहून मुद्दाम सकाळीच आला होता. लग्नानंतर ग्लेनिस गाडी विकेल आणि घरचा माणूस म्हणून निम्मे आपल्याला देईल, असा त्याचा हिशेब होता. ग्लेनिसला तो माहीत नव्हता.

बीफ ओव्हनमध्ये गेलं आणि घरातली माणसं टेबलाभोवती बसली. नॉर्मनने विषय काढला, पण फार जपून. गाडीत मागे जे काही आहे ते तासाभरापुरतं हलवता येणार नाही का, असं तो मिठाच्या भांड्याकडे बघत म्हणाला.

"ते जे काही आहे," सासूबाई म्हणाल्या, "ते माझ्या पोटचं आहे."

एडना ओडलिंग यांना अठ्ठ्याऐंशी वर्षं झाली होती आणि त्यांचं म्हणणं असं, की जो शांत बसलाय त्याला शांत बसू द्यावं. केरीने आजीची बाजू घेतली. तिचं गणित सरळ होतं. नवरीबरोबर गाडीत बापाला बसावंच लागतं. तो आधीच बसलेला आहे, तेवढी एक दगदग कमी. नॉर्मन म्हणाला, पण क्लबाच्या माणसाला काय सांगायचं? बर्निस म्हणाली, काहीच नाही सांगायचं, वरून चौकड्यांची शाल टाकायची. जुन्या गाड्यांत अशी शाल असतेच, उलट शोभून दिसेल.

शालीला सगळ्यांनी होकार दिला, कारण त्यात कुणालाच काही बोलावं लागत नव्हतं.

शाल द्यायला ग्लेनिस गेली. क्लाइव्हने खिडकीची काच खाली केली, शाल हातात घेतली, लोकर चाचपून बघितली.

"माणूस कधी येतोय?"

"दोनला."

"बरं."

आणि त्याने शाल डोक्यावरून ओढून घेतली. या वर्षात त्यांचं एवढं लांब बोलणं पहिल्यांदाच झालं होतं. परत येताना ग्लेनिसला उगाच हलकं वाटलं आणि मग त्याचाच राग आला.

क्लबाचे मिस्टर थॉर्ली वेळेवर आले. उंच, सडपातळ, गुडघ्याला कातड्याचे तुकडे लावलेली विजार, हातात काठीला बांधलेला छोटा आरसा. त्यांनी आधी गाडीला नमस्कार केल्यासारखी मान लववली आणि मग घरच्यांना. गाडीखाली आरसा घालून बघितलं, बॉनेट उघडून इंजिनावरचा आकडा वाचला, पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावला. कुठे आवाज पोकळ येतोय, कुठे बरा आहे, हे त्यांनी स्वतःशीच पुटपुटून घेतलं. नॉर्मन दारात उभा राहून पाय बदलत होता. रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे का, असं विम्यासाठी थॉर्लींनी विचारलं, तेव्हा त्याने ग्लेनिसच्या आधीच हो म्हणून टाकलं.

मग थॉर्लींनी मागचा दरवाजा उघडला. शालीचं टोक दोन बोटांत धरून वर उचललं आणि आत वाकून बघितलं.

"बाहेर ऊन पडलंय," थॉर्ली म्हणाले.

"हो का," शालीतून क्लाइव्ह म्हणाला.

"डावीकडचं कातडं मूळचं?"

"ते मूळचं. हे मी बसलोय ते एकदा बदललंय. वडिलांनी पायपुसणं पेटवलं होतं, चिरुटाने."

"तरीच शिवण वेगळी." थॉर्लींनी वहीत नोंद केली. मग छताचं कापड बघितलं, दरवाज्याच्या आतलं लाकूड हुंगलं, आणि फोटो काढताना क्लाइव्हला हनुवटी जरा वर घ्यायला सांगितलं, मागच्या काचेचा पडदा दिसत नव्हता. क्लाइव्हने घेतली. शाल घडी करून त्यांनी बाजूला ठेवली आणि दरवाजा हलक्या हाताने लावून घेतला. या सबंध प्रकारात एकदाही त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. माणूस आपल्याकडचाच होता.

आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय पाठवायचं नाही, म्हणून थॉर्लींना टेबलाशी बसवलं. बीफ, यॉर्कशर पुडिंग, गाजरं, ग्रेव्ही. थॉर्लींनी आधी ग्रेव्हीचं कौतुक केलं आणि मग गाडीचं. रंग एकदा दिलाय, पण चांगल्या हाताने. इंजिन तेच. पण खरी कमाल आतली. अशा बंद ठेवलेल्या गाड्यांत ओल धरते, छताचं कापड लोंबायला लागतं आणि उंदीर सीटच्या पोटातला काथ्या ओढून काढतात. इथे उंदराची लेंडीसुद्धा नाही. लाकूड कोरडं. कातडं मऊ. रोज रात्री आत ऊब राहिल्याशिवाय हे होत नाही.

"काय वापरता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी आपापल्या ताटात बघितलं.

"असो," थॉर्ली म्हणाले. आकडा अठरा हजार पौंडांचा. फक्त एक अट. ज्या कशामुळे गाडी आतून अशी राहिलीय ते यापुढेही रोज रात्री गाडीत असलं पाहिजे. ते काढलं तर दोन हिवाळ्यांत उंदीर येतील, मग त्यांना नऊ हजारांच्या वर लिहिता येणार नाही.

इथे टेबलावरची सगळी माणसं उठून जागा बदलावी तशी फिरली. सकाळपासून मागचं सामान हलवा म्हणणारा नॉर्मन एकदम म्हणाला की त्याला हात लावायचं कारणच काय? आणि जो शांत बसलाय त्याला बसू द्या म्हणणाऱ्या सासूबाईंनी काटा खाली ठेवला.

"माझा मुलगा काय उंदरांसाठी ठेवलाय?"

"आई, अकरा वर्षं तुम्हाला चाललं," नॉर्मन म्हणाला.

"तेव्हा तो आपखुशीने बसला होता. आता कागदावर बसवताय."

थॉर्लींनी रुमालाने ओठ टिपले. त्यांना आणखी एक गोष्ट सांगणं भाग होतं. गाडीत कुणी राहत असेल तर कंपनीच्या मते ती गाडी नव्हे, ते घर. राहत्या घराला जुन्या गाडीचा विमा मिळत नाही. त्यामुळे गाडीत कुणी राहतं असं त्यांना लिहिता येणार नव्हतं. पण एक रकाना होता, 'नंतर बसवलेलं सामान'. टपावरची जाळी, जादा दिवे, आतला हीटर, असं काय काय लोक त्यात लिहितात. त्यात ते लिहू शकत होते.

"मग लिहा ना," नॉर्मन म्हणाला. "हीटरच आहे तो एका अर्थी."

केरीला मात्र चर्चची काळजी लागली. बाबा सामानात गेले तर लग्नाच्या दिवशी त्यांना गाडीतून उतरता येईल का, असं तिने विचारलं.

थॉर्लींनी विचार केला. "उतरवता येईल," ते म्हणाले, "पण त्याच दिवशी परत बसवावं लागेल."

मग जी वादावादी झाली ती ओडलिंगांच्या मानाने फारच मोठी होती, म्हणजे दोघांनी एकाच वेळी बोलायला सुरुवात केली. नॉर्मनने घराण्याचा मान काढला. सासूबाईंनी नॉर्मन सात वर्षांचा होईपर्यंत कशाकशाला घाबरायचा ते काढलं. केरी आधी आजीकडे झुकली, मग रिकाम्या सीटवर उंदीर आले तर तिच्या झग्याचं काय, हे आठवून काकाकडे झुकली. बर्निस सकाळपासून नवऱ्याच्या बाजूने होती. तिने नॉर्मनकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली की आपल्यावर ही वेळ आली असती तर आपण डोळे मिटून सही केली असती, आणि तरीही ग्लेनिसने करू नये. नॉर्मनने पुडिंगचा दुसरा तुकडा घेतला तो रागाने.

ग्लेनिस पानावरच्या गाजरांकडे बघत होती. एक वाक्य ती अकरा वर्षं रोज संध्याकाळी ताट नेताना बरोबर न्यायची आणि तसंच परत आणायची. उद्या म्हणू, असं तिला वाटायचं. उद्याही तो तिथेच असणार होता, म्हणून घाई नव्हती. आता इथे चार माणसं त्याचा रकाना ठरवत होती. एकदा सही झाली की त्याला घरात बोलावणं म्हणजे विम्याची अट मोडणं. मग ते वाक्य बोलायची सोयच राहणार नव्हती.

"सही मालकिणीची लागेल," थॉर्ली म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि अर्जातली घरच्यांची नावं वाचली. "मिसेस ओडलिंग, मला एवढंच सांगा. मिस्टर क्लाइव्ह ओडलिंग राहतात कुठे?"

त्या टेबलावर ते नाव अकरा वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. सासूबाईंच्या बशीवर चमचा वाजला. नॉर्मन खिडकीबाहेरच्या बीटाच्या शेताकडे असं बघायला लागला, की जणू तिथे आग लागलीय.

"विचारून येते," ग्लेनिस म्हणाली.

गॅरेजात ती नेहमीसारखी बॉनेटपाशी थांबली नाही. मागचा दरवाजा उघडून ती आत बसली. सीटला क्लाइव्हच्या बाजूला एवढा खड्डा पडला होता की ती बसली तशी घसरत त्याला जाऊन टेकली. आत चहाचा, लोकरीचा आणि त्याचा वास होता. पुढच्या सीटच्या पाठीला त्याने खिळा न ठोकता, दोरीने, एक छोटं घड्याळ टांगलं होतं. हे तिला माहीत नव्हतं.

"क्लबाचा माणूस विचारतोय तू कुठे राहतोस."

क्लाइव्हने वर्तमानपत्राची घडी घातली. "तू काय सांगितलंस?"

"विचारून येते म्हटलं."

"नॉर्मन काय म्हणतो?"

"तुला सामानात धरा म्हणतो. मग अठरा हजार. तू नसलास तर नऊ."

क्लाइव्हने हे डोक्यात दोनदा फिरवलं. "म्हणजे माझे नऊ," तो म्हणाला. तो थोडा सुखावल्यासारखा दिसला, आणि तेच तिला बघवेना. "मग राहतो की. केरीच्या नावाने बरं पडेल. मला इथे काही त्रास नाही, ग्लेन."

"मला आहे."

क्लाइव्हने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

"मला रोज आहे," ती म्हणाली. समोरच्या काचेत दोघांची डोकी दिसत होती. त्यांच्याकडे बघून बोलणं सोपं जात होतं. "नऊ हजार नको मला. तू घरात ये."

गॅरेजच्या पत्र्यावर कबुतराची पावलं वाजली. क्लाइव्हने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुझी बहीण गेली का?"

"ती गेली त्याला अकरा वर्षं झाली, क्लाइव्ह."

"बरं," तो म्हणाला. "मग येतो." आणि जरा थांबून, "तू आधी उतर. या बाजूचं दार आतून उघडत नाही."

ती दोघं जेवणघरात आली तेव्हा नॉर्मनने आपली खुर्ची थोडी सरकवली. केरीने एक ताट आणलं. सासूबाईंनी थोरल्या लेकाकडे नखशिखान्त बघितलं आणि हात धुतलेस का, एवढंच विचारलं. थॉर्ली मात्र उठून उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे करून आपली ओळख करून दिली, कारण ज्याची हनुवटी तासाभरापूर्वी वर करून घेतली त्याच्याशी रीतसर ओळख झाली नव्हती.

"लिहा," ग्लेनिस म्हणाली. "इथे राहतात. घरात. माझ्याबरोबर."

थॉर्लींनी नऊ हजार लिहिले. उंदरांचं त्यांनी पुन्हा एकदा बजावलं, ग्लेनिसने सही केली आणि बुधवारपासून गाडी रस्त्यावर आणायला हरकत नाही असं ठरलं. नॉर्मनने कस्टर्डचा चमचा तोंडाशी नेला तो तसाच खाली ठेवला. बर्निसने त्याच्या पाठीवर थोपटलं, पण फार जोरात नाही. लग्नाला बाबा पुढे बसणार की मागे, असं केरीने विचारलं, तेव्हा क्लाइव्हने गाजर चावून गिळेपर्यंत वेळ घेतला.

"पुढे," तो म्हणाला. "मागचं बघून झालंय."

थॉर्ली गेले, नॉर्मनकडची गेली, सासूबाईंना खुर्चीत डुलकी लागली आणि केरी झग्याची मापं द्यायला निघून गेली. ग्लेनिस सिंकशी भांडी विसळायला उभी राहिली. मागे पावलं वाजली. क्लाइव्हने खुंटीवरचं फडकं घेतलं आणि तिने ठेवलेलं एकेक ताट पुसायला सुरुवात केली. तो पूर्वीसारखाच पुसत होता, आधी मागची बाजू. ताटांची चळत झाली तशी ती उचलून त्याने खिडकीशेजारचं कपाट उघडलं आणि डब्यांसमोर तसाच उभा राहिला.

ग्लेनिसने नळ बंद केला.

"तिथे नाही," ती म्हणाली. "ताटं आता डावीकडे असतात."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

"मला कसं कळणार?"

"म्हणून तर सांगतेय."

क्लाइव्हने चळत सावरली, डावीकडे गेला आणि दार उघडलं. आत झाडू आणि बादली होती.

"त्याच्या पलीकडचं," ती म्हणाली.